मॅरियन बेटावरचा हिवाळा : प्रकल्प नोंदी

मॅरियन या आफ्रिकेच्या दक्षिणेला भर समुद्रात असलेल्या बेटावरचं आमचं काम तीन पदरी आहे. वाँडरिंग अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याच्या घरट्यांवर नजर ठेवायची, उंदरांची मोजदाद करायची, आणि उंदीर-निर्मूलनाच्या नियोजित मोहिमेसाठी प्रत्यक्ष जमिनीवर फिरून नकाशे तपासायचे. नोंदी तळावर किंवा झोपडीत, जमेल तेव्हा लिहिलेल्या.

२४ एप्रिल, जहाजावर

दिवसभर सामानाची झडती. केप टाउन सोडण्याआधी एकदा झालीच होती, आज पुन्हा. सगळ्यांनी बॅगा टेबलांवर रिकाम्या केल्या. खिसे उलटे करायचे, बुटांचे तळ चिमट्याने कोरायचे, कॅमेऱ्याच्या पिशवीच्या शिवणी ताणून बघायच्या, वरून व्हॅक्यूम क्लीनर फिरवायचा. सगळ्यात जास्त ऐवज निघतो तो व्हेल्क्रोमधून. एकाच्या जुन्या गेटरच्या (बुटांवरून पायाला गुंडाळायच्या आवरणाच्या) पट्टीत गवताची कुसळं इतकी रुतली होती की शेवटी पट्टीच कापून टाकली.

पहिल्यांदा येणाऱ्यांना हे सगळं जरा जास्तच वाटतं. त्यांना एवढंच सांगितलं, की मॅरियनवर आज जे छोटे घरगुती उंदीर आहेत ते कोणी मुद्दाम आणलेले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सीलच्या शिकारीसाठी जहाजं यायची, त्यांच्या मालातून ते उतरले. तेव्हा कोणी असा चिमटा घेऊन बसलं असतं तर आम्हाला इथे यायची गरजच पडली नसती.

मालाचे कंटेनर वेगळे तपासले. कुरतडल्याच्या खुणा, लेंड्या, काही नाही. उंदरांनी भरलेल्या बेटावर उंदीर जाऊ नये म्हणून एवढी काळजी कशाला, असा प्रश्न आलाच. मोठे तपकिरी उंदीर या बेटावर अजून नाहीत, हे त्याचं उत्तर.

३० एप्रिल, तळ

उतरलो. जुन्या गटाकडून घरट्यांची यादी, वह्या आणि झोपड्यांच्या किल्ल्या ताब्यात घेतल्या.

बेट सुमारे २९० चौरस किलोमीटरचं, ४७ अंश दक्षिणेच्या थोडं वर, आफ्रिकेच्या टोकापासून दोन हजारांहून अधिक किलोमीटर लांब. झाड एकही नाही. खाली शेवाळी दलदल, वर काळा लाव्हा, आणि दोन्हींवर वारा. तळ ईशान्य किनाऱ्यावर. बाकी बेटावर ठिकठिकाणी लहान झोपड्या आहेत, त्या पायी गाठायच्या.

आम्ही आलोय ती वेळ उंदरांच्या दृष्टीने भरभराटीची. उन्हाळाभर विणी होतात, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये त्यांची संख्या शिगेला पोचते. नेमकं याच सुमाराला अल्बाट्रॉसची पिल्लं घरट्यात एकटी राहू लागतात. अंडं डिसेंबर-जानेवारीत घातलं जातं, सुमारे अडीच महिन्यांनी फुटतं. त्यानंतर महिनाभर आई किंवा बाप उबवायला बसतो, मग दोघंही अन्नासाठी समुद्रावर. पिल्लू पुढचा अख्खा हिवाळा उघड्या माळावर, मातीच्या ढिगाऱ्यासारख्या घरट्यात बसून काढतं. उडायला नोव्हेंबर-डिसेंबर उजाडतो.

६ मे, गोनी प्लेन

गोनी प्लेन या माळावर घरट्यांची पहिली पूर्ण फेरी. पद्धत साधी आहे. घरट्याचा क्रमांक वाचायचा, लांबून दुर्बिणीने पिल्लू न्याहाळायचं, मग जवळ जाऊन मान, डोकं, पाठीचा खालचा भाग आणि पंखांचे सांधे नीट बघायचे. हात लावायचा नाही. पिल्लू चोच वाजवतं, ती ऐकू येण्याइतकं जवळ गेलं तरी पुरे.

बहुतेक ठणठणीत. राखाडी लोकरीचे गोळे, सुस्त, आणि आपल्याकडे कमालीच्या तुच्छतेने बघणारे.

ओढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका घरट्यात मात्र जखम दिसली. डोक्याच्या मागच्या बाजूला तळव्याएवढा भाग सोललेला. कडेची कातडी ओली, मधे रक्त सुकून काळं झालेलं, आणि त्यावर पिसांचे दोन-तीन तुरे चिकटलेले. पिल्लू ताठ बसलं होतं. मी जवळ गेल्यावर चोचही वाजवली. हेच बघवत नाही. काही किलो वजनाचा पक्षी, आणि त्याला रात्री जिवंतपणी कुरतडणारा प्राणी वीसेक ग्रॅमचा. एक झटका दिला तर उंदीर लांब जाऊन पडेल. पण पिल्लू झटका देत नाही. जमिनीवरून चालत येणारा शत्रू या पक्ष्यांनी लाखो वर्षांत पाहिलेला नाही, त्यामुळे घरटं सोडून उठायचं किंवा चावा घ्यायचा हे त्यांच्या स्वभावातच नाही. डोकं हलवतं आणि पुन्हा बसून राहतं. उंदीर दुसऱ्या रात्री त्याच जखमेवर परत येतात.

मॅरियनवर असा प्रकार पहिल्यांदा २००३ मध्ये नोंदला गेला. तेव्हा तो अपवाद वाटला होता. २०१५ मध्ये इथल्या शरद ऋतूत, म्हणजे एप्रिल-मेच्या सुमारास, ग्रे-हेडेड आणि दोन्ही जातींच्या काळपट अल्बाट्रॉसच्या जवळजवळ उडायला आलेल्या पिल्लांवर मोठ्या प्रमाणात हल्ले झाले. २०२३ मध्ये मोठे, घरट्यावर बसलेले वाँडरिंग अल्बाट्रॉसही उंदरांच्या चाव्यांनी मेलेले सापडले. सवय पसरते आहे, आणि ती घरट्यांच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाते हे वहीतल्या जुन्या नोंदींवरूनही दिसतं.

मोठे मरणं ही गोष्ट पिल्लांपेक्षा गंभीर. हा पक्षी दोन वर्षांतून एकदा एकच अंडं घालतो आणि पन्नास वर्षांपर्यंत जगू शकतो. त्याचं सगळं गणित दीर्घायुष्यावर बेतलेलं आहे. एखादं वर्ष वाया गेलं तर भरून निघतं, पण पालकच गेले तर उपाय नाही.

१४ मे

पाऊस. बाहेर जाणं नाही. जुने अहवाल चाळले, त्यातला मांजरांचा इतिहास टिपून ठेवतो, कारण नवीन लोक विचारतातच.

हवामान केंद्राच्या इमारतीत उंदरांचा सुळसुळाट झाला म्हणून १९४९ मध्ये इथे पाच मांजरं आणली. उंदीर पकडण्यापेक्षा बिळात राहणारे पेट्रेल नावाचे समुद्रपक्षी पकडणं सोपं, हे मांजरांच्या लगेच लक्षात आलं. १९७७ पर्यंत त्यांची संख्या सुमारे ३,४०० झाली होती, आणि वर्षाला साडेचार लाखांच्या आसपास समुद्रपक्षी ती फस्त करत होती. मग त्यांच्यात विषाणूजन्य रोग सोडला, त्यानंतर रात्री बंदुका आणि सापळे. शेवटचं मांजर १९९१ मध्ये गेलं.

मांजरं गेल्यावर पेट्रेल झपाट्याने वाढतील अशी आशा होती. वाढले, पण अपेक्षेपेक्षा फारच हळू, कारण अंडी आणि लहान पिल्लं उंदीर खात राहिले. काम अर्धं करून थांबण्याची किंमत या बेटाने मोजली आहे. हे मी टीका म्हणून लिहीत नाही. १९९१ मध्ये एवढ्या मोठ्या बेटावरून उंदीर घालवण्याचं तंत्रच कोणाकडे नव्हतं.

२३ मे, सापळ्यांची पट्टी

उंदरांची मोजदाद. ठरलेल्या अंतरावर सापळे, आमिष शेंगदाण्याचं लोणी. सकाळी उठून प्रत्येक सापळा बघायचा, वजन, लांबी, नर की मादी, मादी गाभण आहे का, हे सगळं बोटं बधिर झालेली असताना लिहायचं. पेन्सिलच चालते, पेन थंडीत आणि ओलाव्यात दगा देतं.

माद्या अजूनही गाभण सापडताहेत. बेट गेल्या काही दशकांत उबदार आणि कोरडं होत गेलं आहे, त्यामुळे विणीचा हंगाम लांबतो आणि थंडीत मरणारे कमी होतात. पोटात मुख्यतः किड्यांच्या अळ्या आणि बिया. इथे पंख नसलेला एक पतंग आहे, त्याची अळी सडका पालापाचोळा खाऊन माती तयार करते. ती अळी हे उंदरांचं आवडतं खाणं. शीथबिल नावाचा पांढरा पक्षी हिवाळ्यात याच किड्यांवर गुजराण करायचा. तो इथे कमी झाला त्यामागे हेही एक कारण मानलं जातं. म्हणजे पिल्लं कुरतडणं हा फक्त डोळ्यांना दिसणारा भाग. उंदरांनी खालून सगळं बेटच पोखरत आणलंय.

५ जून, पश्चिम किनाऱ्यावरची झोपडी

नकाशाचं काम. मला विचाराल तर या प्रकल्पातलं सगळ्यात रटाळ आणि सगळ्यात महत्त्वाचं.

योजना अशी: हिवाळ्यात हेलिकॉप्टरच्या ताफ्याने बेटाच्या प्रत्येक भागावर आमिषाच्या गोळ्या टाकायच्या. हेलिकॉप्टरखाली लटकणारी बादली, तिच्या तळाशी गोळ्या चहूकडे फेकणारी फिरती चकती. वैमानिक जीपीएसवर आखलेल्या समांतर रेषांवरून उडतो. शेजारच्या दोन पट्ट्या एकमेकींवर निम्म्याने चढतात, म्हणजे कुठेही फट राहत नाही. काही दिवसांनी दुसरी फेरी. एकूण आमिष शेकडो टन.

फट का राहू नये? हिवाळ्यात एका उंदराचा वावर अगदी थोड्या मीटरांचा असतो. त्या तुकड्यात गोळी पडली नाही, तर तो उंदीर वाचला. ती गाभण मादी असेल तर सगळा खर्च पाण्यात. नव्याण्णव टक्के यश ही कल्पनाच इथे लागू नाही. काही वर्षांत उंदीर पुन्हा होते तितके.

माझं काम नकाशा आणि जमीन यांतला फरक शोधणं. नकाशा सपाट असतो, बेट नाही. साठ अंशांच्या कड्यावर नकाशातला एक हेक्टर म्हणजे प्रत्यक्षात दोन हेक्टर. आमिषाचा हिशोब नकाशावरून केला तर कड्यावर ते निम्मंच पडेल. म्हणून अशा जागांची वेगळी नोंद, तिथे जादा फेरी. शिवाय लाव्हाच्या गुहा: वरून टाकलेली गोळी आत कशी जाणार? त्या एक-एक शोधून यादी करायची, तिथे हाताने आमिष ठेवावं लागेल. झोपड्यांचं जमिनीवर उचललेलं जोतं, तळाच्या इमारतींच्या भिंतींमधल्या पोकळ्या, साठवणीच्या खोल्या, सगळं त्याच यादीत. उंदराला घर करता येईल अशी प्रत्येक जागा.

आज दोन नव्या गुहा मिळाल्या. एकीचं तोंड अझोरेला या वनस्पतीच्या गाद्यांनी झाकलं होतं, हवाई छायाचित्रात दिसणं शक्यच नव्हतं. आत जाऊन टॉर्च मारला तर कोपऱ्यात ताज्या लेंड्या.

६ जून, तिथेच

रात्री जेवताना चर्चा नेहमीच्या वळणावर: दुसरीकडे जमलं मग इथेच का अवघड?

दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटावर २०११ ते २०१५ मध्ये तीन टप्प्यांत आमिष टाकलं, हजारांहून जास्त चौरस किलोमीटरवर. मग हुंगणाऱ्या कुत्र्यांना घेऊन सगळं पालथं घातलं आणि २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. पण तिथे हिमनद्यांनी जमिनीचे तुकडे पाडलेले होते. उंदीर हिमनदी ओलांडत नाही, त्यामुळे एक तुकडा साफ करून पुढच्या वर्षी दुसरा घेता आला. तिथली घाईसुद्धा हिमनद्यांमुळेच होती. त्या मागे हटत होत्या आणि दारं उघडत होती. ऑस्ट्रेलियाचं मॅक्वारी बेट सुमारे १२८ चौरस किलोमीटरचं. तिथे ससे, मोठे उंदीर, छोटे उंदीर सगळे घालवले, २०१४ मध्ये तसं जाहीर झालं. न्यूझीलंडच्या अँटिपोडीज बेटावर २०१६ मध्ये आमिष, २०१८ मध्ये यशाची खात्री. पण ते बेट साधारण वीस चौरस किलोमीटर.

मॅरियनला आतून कुठेही कुंपण नाही. सगळं एकाच हिवाळ्यात करायचं, आणि छोट्या उंदरांच्या बाबतीत एवढं मोठं बेट एका दमात कोणी साफ केलेलं नाही.

आणि मग गॉफ. अटलांटिकमधलं ६५ चौरस किलोमीटरचं बेट, ट्रिस्टन अल्बाट्रॉसचं घर, उंदरांची तऱ्हा इथल्यासारखीच. २०२१ च्या हिवाळ्यात तिथे आमिष टाकलं. त्या हंगामात प्रायन या छोट्या समुद्रपक्ष्याची पिल्लं पूर्वीच्या कितीतरी पट जास्त जगली. आणि डिसेंबरमध्ये एका कॅमेऱ्यात एक उंदीर दिसला. नेमकं काय चुकलं यावर बरंच संशोधन झालं. गोगलगायींच्या जातीतले बिनशंखाचे जीव आमिष खाऊन टाकत असावेत हा एक संशय. आमच्या यादीत त्यांच्यासाठीही एक रकाना त्यामुळेच आहे.

मी गुहा शोधतो तेव्हा माझ्या डोक्यात गॉफच असतं.

१८ जून

वादळ. झोपडीतच. दाराला दोरी बांधावी लागली.

२ जुलै, गोनी प्लेन

मेमधलं ते जखमी पिल्लू मेलेलं. घरट्याच्या कडेवर मान टाकून पडलेलं, मेलेलं खाणाऱ्या जायंट पेट्रेलने पोट उघडलं होतं. नोंद केली, छायाचित्रं घेतली, जागा जीपीएसवर टाकली.

त्या घरट्यापासून थोड्या अंतरावर आम्ही इन्फ्रारेड कॅमेरा लावला होता. संध्याकाळी तळावर चित्रीकरण बघितलं. पडद्यावर बर्फाचे कण तिरके उडताहेत. पिल्लू चोच पिसांत खुपसून बसलेलं. मागून एक उंदीर पाठीवर चढतो, मानेपर्यंत येतो, जखमेशी थांबतो. पिल्लू डोकं हलवतं. उंदीर उतरतो, परत चढतो. थोड्या वेळाने तीन. सगळं कमालीचं संथ. बघणाऱ्यांपैकी एकीने मध्येच उठून चहा ठेवला.

हिवाळ्यातच आमिष का टाकायचं याचंही उत्तर याच चित्रीकरणात आहे. उंदीर या दिवसांत उपाशी असतात, त्यांची संख्या घटत असते आणि विणही थांबलेली असते. जे मिळेल ते खातात. गोळी समोर आली तर सोडणार नाहीत. शिवाय स्कुआ नावाचे शिकारी समुद्रपक्षी, बहुतेक पेट्रेल, मॅकरोनी पेंग्विन हे सगळे या महिन्यांत समुद्रावर असतात. उरतात मुख्यतः अल्बाट्रॉसची पिल्लं, किंग पेंग्विनची पिल्लं, ग्रे पेट्रेल. ही सगळी समुद्रातलं खाणारी मंडळी, गोळ्यांना तोंड लावणारी नव्हेत.

२१ जुलै

विषाचा प्रश्न. आज गटात चांगलाच वाद झाला, म्हणून सविस्तर लिहितो.

आमिषातलं द्रव्य ब्रोडिफॅकूम. रक्त गोठण्याची क्रिया थांबवतं. परिणाम काही दिवसांनी दिसतो, त्यामुळे उंदराला गोळी आणि आजार यांचा संबंध लावता येत नाही आणि तो खात राहतो. पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मातीला चिकटून राहतं आणि हळूहळू विघटित होतं. बहुतेक उंदीर बिळातच मरतात. हे सगळं खरं. पण जे बाहेर मरतात त्यांना खाणारे पक्षी आहेत: जायंट पेट्रेल, केल्प गल, शीथबिल. मॅक्वारीवर मोहिमेनंतर दोन हजारांहून अधिक मृत पक्षी सापडले होते. लोकांनी महिनोन्महिने बेटावर फिरून मेलेले प्राणी उचलले, पुढच्या पक्ष्यांनी ते खाऊ नयेत म्हणून. पुढे ग्रे पेट्रेल आणि ब्लू पेट्रेल तिथे वाढू लागले.

गटातल्या एकाचं म्हणणं, पक्षी वाचवायला येऊन आपणच पक्षी मारणार. मला हा युक्तिवाद पोकळ वाटत नाही, पण अपुरा वाटतो. गप्प बसण्यातही मरण आहे, फक्त त्यावर कोणाची सही नसते. उंदीर तसेच राहिले तर इथे प्रजनन करणाऱ्या अठ्ठावीस जातींपैकी एकोणीस या बेटावरून नाहीशा होऊ शकतात असा अंदाज आहे. एका हिवाळ्यातला तोटा ज्या जातींना सोसतो त्या काही वर्षांत सावरतात. गॉफवर तर तिथल्याच दोन खास जाती, एक पाणकोंबडी आणि एक बंटिंग (चिमणीसारखा पक्षी), मोहीम होईपर्यंत पिंजऱ्यांत सांभाळल्या होत्या. इथे शीथबिलबाबत असा विचार व्हायला हवा, असं माझं मत. यादी करून ठेवली आहे त्यांच्या थव्यांच्या जागांची.

उंदरांच्या यातनांबद्दलही बोललो. मृत्यू सुखद नाही, हे मान्य करूनच काम करावं. कोणी ते गोड करून सांगितलं की मला शंका येते.

१६ ऑगस्ट

एका घरट्याशी पिल्लाने ओकलेला लगदा मिळाला. माकुळांच्या चोचींचा काळा ढीग, प्लास्टिकचा एक निळा तुकडा, आणि त्यात नायलॉनच्या दोरीसकट गळ. पिल्लाने तो बाहेर टाकला हे त्याचं नशीब.

हे पक्षी समुद्रात हजारो किलोमीटर फिरतात, त्यामुळे बेट कितीही जपलं तरी निम्मा धोका बेटाबाहेर. लांब दोरीला हजारो गळ लावून मासेमारी होते. गळ पाण्यात बुडण्याआधीच अल्बाट्रॉस आणि व्हाइट-चिन्ड पेट्रेल आमिषावर झडप घालतात आणि दोरीबरोबर खाली ओढले जातात. १९९० च्या दशकात या बेटांभोवती टूथफिश या माशासाठी बेकायदा जहाजांची झुंबड उडाली तेव्हा पक्षी मोठ्या संख्येने बुडाले. उपाय अवघड नाहीत. दोर रात्री सोडायचा, त्याला वजनं बांधून लवकर बुडवायचा, मागे फडफडणाऱ्या फितींची दोरी लावून पक्ष्यांना लांब ठेवायचं. दक्षिण जॉर्जियाच्या पाण्यात हे नियम आणि फक्त हिवाळी हंगाम लागू केल्यावर परवानाधारक जहाजांवरचे पक्ष्यांचे मृत्यू जवळजवळ शून्यावर आले. खुल्या समुद्रात, जिथे देखरेख करणारं कोणी नसतं, तिथे मात्र अजून तेच चाललंय.

गळ पिशवीत बंद करून, घरटं क्रमांक लावून ठेवला. गळाच्या घडणीवरून कधीकधी कोणत्या प्रकारच्या मासेमारीतला हे कळतं.

९ सप्टेंबर

स्कुआ परतले. पहिला ओढ्यावर दिसला, अंघोळ करताना.

एरवी ही आनंदाची नोंद असती. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिण जॉर्जियाजवळच्या बर्ड आयलंडवर स्कुआंमध्येच बर्ड फ्लूचा एच५एन१ सापडला आणि तो या भागात पसरत गेला. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मॅरियनवरही पहिला संशयित पक्षी स्कुआच होता. मग जायंट पेट्रेल, अल्बाट्रॉसची पिल्लं. मेलेलं खाणारा पक्षी सगळ्यात आधी सापडणार हे उघडच आहे.

आजपासून नियम कडक. प्रत्येक वसाहतीत जाण्याआधी आणि निघताना बूट जंतुनाशकाच्या बादलीत. काठीचं टोकसुद्धा. मेलेल्या पक्ष्याला मास्क आणि हातमोज्यांशिवाय शिवायचं नाही. तोल जाणं, मान वाकडी होणं, डोळे गढूळ दिसणं अशी लक्षणं दिसली की त्या वसाहतीतलं सगळं काम बंद आणि लांबून दुर्बिणीने मोजणी. विषाणूवर इथे कोणताच उपाय चालत नाही. आपण तो एका वसाहतीतून दुसरीत वाहून नेऊ नये, एवढंच हातात.

म्हणूनच उंदरांचा प्रश्न लवकर सुटावा असं वाटतं. ज्या संकटाला उपाय नाही त्यासमोर पक्ष्यांना उभं राहायचं असेल, तर ज्याला उपाय आहे ते तरी डोक्यावरून उतरवायला हवं.

४ ऑक्टोबर

दिवस स्वच्छ. समुद्रापलीकडे प्रिन्स एडवर्ड बेट स्पष्ट दिसलं, वीसेक किलोमीटरवर. तिथे उंदीर नाहीत, मांजरंही कधी नव्हती. जाण्याची परवानगी क्वचितच आणि मोजक्या लोकांना मिळते. तिथली जमीन बिळांनी इतकी भरलेली आहे की पाय कुठे ठेवावा हा प्रश्न पडतो, असं जाऊन आलेले सांगतात. तोच लाव्हा, तेच हवामान. आपल्या पायाखालचं बेट कसं असायला हवं होतं याचा नमुना समोर ठेवलेला आहे.

रात्री बिळांची तपासणी. ध्वनिमुद्रित हाक बिळाच्या तोंडाशी वाजवायची, आतून उत्तर आलं तर बीळ भरलेलं. उत्तर नाही आलं तर नळीवरचा कॅमेरा आत सरकवायचा. काही बिळांतून व्हाइट-चिन्ड पेट्रेलचा करवतीसारखा आवाज आला. ते आता कुठे परतून जागा बळकावताहेत, अंडी पुढच्या महिन्यात. बऱ्याच बिळांतून काहीच नाही. एका ब्लू पेट्रेलच्या बिळात अंड्याची जुनी, कुरतडलेली टरफलं होती.

तळाच्या खिडक्यांचे पडदे अंधार पडण्याआधी बंद करायचे, याची पुन्हा एकदा आठवण सगळ्यांना. धुकट रात्री हे छोटे पक्षी दिव्यावर येऊन आपटतात. जहाजांवरही हाच नियम आहे.

२२ नोव्हेंबर, गोनी प्लेन

पिल्लं घरट्यांशेजारी उभी राहून पंख उघडताहेत. साडेतीन मीटरपर्यंत भरणारे पंख सावरायचे कसे, हे वारा आला की त्यांना कळेनासं होतं. दोन पावलं मागे, एक बाजूला, आणि बसकण. डोक्यावर लोकरीचे शेवटचे गुच्छ. हा देखावा बघायला तळावरचा स्वयंपाकीही आला होता.

सगळ्यांच्या पायात कडी घालून झाली. क्रमांक दोघांनी मोठ्याने वाचायचा, मगच लिहायचा. आज उडालेलं पिल्लू जमिनीवर पुन्हा पाय टेकवेल ते पाचेक वर्षांनी, आणि पहिलं अंडं साधारण दहाव्या वर्षाच्या आसपास. म्हणजे आत्ता उंदीर गेले तरी घरट्यांच्या आकड्यांत त्याचं पूर्ण प्रतिबिंब दिसायला बराच काळ जाणार. पैसे देणाऱ्यांना हे आधीच सांगायला हवं. बिळातल्या लहान पेट्रेलमध्ये मात्र फरक पहिल्या-दुसऱ्या हंगामातच दिसतो, गॉफवर दिसला तसा.

१२ डिसेंबर, तळ

पहिली अंडी पडली. कड्या घातलेल्या जोड्या जुन्याच जागी येऊन बसताहेत, काही ठिकाणी गेल्या हंगामातलं पिल्लू अजून शेजारी उभं.

पैशाची बातमी आली, म्हणजे फारशी नाही. २०२४ मध्ये सांगितलेला मोहिमेचा खर्च सुमारे २.९ कोटी अमेरिकी डॉलर होता आणि त्यातला मोठा भाग उभा राहायचा होता. लोकांना बेटाचा एक-एक हेक्टर हजार रँडला (रँड हे दक्षिण आफ्रिकेचं चलन) पुरस्कृत करता येतो. मोहिमेचं वर्ष अनेकदा पुढे सरकलं आहे. हेलिकॉप्टर, जहाज, वैमानिक आणि आमिष हे सगळं एकाच हिवाळ्यात जुळून यावं लागतं. थोडे पैसे आहेत म्हणून थोडं बेट साफ करू, असं चालत नाही. पुढे सरकवलेलं वर्ष मला अर्धवट मोहिमेपेक्षा परवडतं. पण प्रत्येक सरकवलेल्या वर्षाची किंमत आमच्या वह्यांत घरटी क्रमांकासह लिहिलेली आहे, ती निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलावर दर वेळी असावी.

पुढच्या गटासाठी शिल्लक कामं: पश्चिम कड्याखालच्या गुहांपैकी समुद्राकडून उघडणाऱ्या राहिल्या आहेत, ओहोटी आणि शांत हवा एकत्र मिळाली तरच जावं, एकट्याने नाही. दक्षिण बाजूच्या झोपडीच्या जोत्याखाली हात पोचत नाही, तिथली एक फळी स्क्रूवर उघडणारी करून घ्यावी. मोजमाप वहीच्या शेवटच्या पानावर. तिसऱ्या पट्टीवरचे सापळे गंजलेत, नवे एप्रिलच्या जहाजाने मागवावेत. शीथबिलच्या थव्यांचा नकाशा संगणकावर चढवला आहे, त्यात उत्तरेची बाजू अपुरी आहे. गळाची पिशवी शीतकपाटात नाही, कोरड्या कपाटात वरच्या खणात.